पहिली दहा मिनिटं फकीरभाईंची

फकीरभाईंची आणि माझी ओळख आधी त्यांच्या पायांशी झाली. चौदा वर्षांपूर्वी आमच्या दारात दुधाची पहिली पिकअप आली, त्याच आठवड्यातली गोष्ट. पहाटे देवाची फुलं तोडायला अंगणात आले, तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. टाचा भेगाळलेल्या, पण दगडानं घासून लख्ख केलेल्या. मी ओरडलेच, "अहो, कुणीतरी गाडीखाली सापडलंय!" तर खालून शांत आवाज आला, "सापडलो न्हाय वैनी, सवताच गेलोय. ग्रीस भरतोय."

तेव्हापासून हा माणूस रोज पहाटे आमच्या अंगणात. सख्खा दीर आला नसता इतक्या नेमानं.

आमचे हे, ज्यांना सगळं गाव बापूसाहेब म्हणतं, पळसदेवला दूध संकलनाचं काम बघतात. सकाळी चार वस्त्यांवरचं दूध कॅनमध्ये गोळा करायचं आणि साडेआठच्या आत भिगवणजवळच्या चिलिंग सेंटरवर पोचवायचं. साडेआठ वाजून गेले की तिथला माणूस कॅनला हात लावत नाही, आल्या वाटेनं दूध परत पाठवतो. सकाळ-संध्याकाळ दोन्ही फेऱ्यांना ही गाडी चालवायचं काम फकीरभाईंचं. चौदा वर्षांत त्यांच्या हातून दूध एकदाही परत आलं नाही. पुरात नाही, बंदमध्ये नाही, त्यांच्या आईची मयत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "भाऊ, आज घरी थांबायचं होतंत." तर म्हणाले, "गाई थांबल्या का वैनी?"

अंगानं किडकिडीत. थंडीत लेकीनं विणलेली माकडटोपी, सदऱ्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्याला रुमाल. वस्तीवर गेले की हॉर्न म्हणून वाजवायचे नाहीत. "लेकरं झोपल्याली असत्यात, आन हॉर्न वाजवून काय दूध जास्त येतंय?" म्हणायचे. बायका गाडीच्या आवाजावरून ओळखायच्या आणि किटली घेऊन दारात यायच्या. एखादीची किटली आली नाही तर फकीरभाईच खाली उतरून विचारणार, "काय गं, म्हस आजारी हाय का तू?" रमजानच्या महिन्यात पहाटेची सहरी करून यायचे. मी सवयीनं चहा पुढं केला की हसून कपावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "वैनी, तुमच्या संकष्टीला मी तुमाला भजी देतो का?"

मी रोज देवपूजा झाली की वहीत चार ओळी लिहिते. त्या वहीत फकीरभाईंचं नाव इतक्या वेळा आलंय की त्यांच्यावर एकदा सलग लिहावं असं फार दिवस मनात होतं. या मार्गशीर्षात जे झालं त्यानंतर लिहिणं भागच पडलं.

आधी त्यांची थंडीतली रीत सांगते, कारण सगळं त्यावरूनच घडलं.

आमच्याकडं दिवाळीनंतर धरणाच्या पाण्यावरून असा गारठा येतो की देव्हाऱ्यातलं खोबरेल बाटलीत पांढरं होऊन बसतं. त्या दिवसांत फकीरभाई नेहमीपेक्षा लवकर यायचे. बिस्मिल्ला म्हणून चावी फिरवायची, इंजिन चालू करायचं आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लचवरचा पाय काढून घ्यायचा. मग नुसतं बसून राहायचं. पाच मिनिटं. त्यानंतर पहिल्या गेअरमध्ये मुंगीच्या पावलानं आमच्या बांधावरून निघायचं, आणि वडाच्या झाडापर्यंत तशीच सावकाश न्यायची. ती आणखी पाच मिनिटं.

एकदा मी विचारलं होतं, "भाऊ, हे काय ध्यान लावून बसता?"

तर म्हणाले, "वैनी, तुमी थंडीत तुपाच्या बरणीत चमचा घातला तर कसा आडतो? तसं गेअरबॉक्समधलं तेल असतं. इंजिन गरम व्हतं लगीच, त्येच्यात आग हाय. गेअरबॉक्सला कुठली आलीय आग? आतली चाकं फिरली, तेल घुसळलं, मगच ते हालतं. न्यूट्रलमधी ठिवून क्लच सोडला की निदान अर्धी चाकं फिरत्यात. आन मागचा जो गोळा हाय ना दोन चाकांच्या मधी, डिफरन्शल, त्यो तर गाडी चालल्याबिगर गरमच व्हत न्हाय. म्हनून आधी बसायचं, मग हळू चालायचं."

"आणि नाही बसलं तर?"

"तर गाडी बोलती. खर्रर्र म्हनती. ती शिवी असती वैनी, डायवरला दिल्याली."

मला हे पटलं होतं. मी स्वतः समईत तूप घालायच्या आधी वाटी निखाऱ्याजवळ ठेवते. पण आमच्या ह्यांना ते कधी पटलं नाही. ह्यांचं एकच, "गाडी हाय का म्हातारी बाई? उठायला धा मिनिटं लागत्यात." फकीरभाई ऐकून घ्यायचे आणि बसून राहायचे. तेरा हिवाळे असेच गेले.

यंदा गणपती उठल्यावर गाडीच्या गेअरबॉक्समधून गुणगुण ऐकू यायला लागली. फकीरभाई म्हणाले, "तेल उतरलंय, बापूसाहेब. म्हस्कू मिस्त्रीकडं नेऊ." म्हस्कूचं गॅरेज भिगवणला हायवेच्या कडेला. पण ह्यांना उसाच्या मशागतीची घाई होती. म्हणाले, "त्येला मिस्त्री कशाला? तेल तर घरात हाय."

खरंच होतं. ट्रॅक्टरच्या मागच्या भागात घालायचं जाड तेल डब्यात अर्धं उरलेलं होतं. आमच्या भागात कुणाच्याही गोठ्यात बघा, तसा एक डबा असतोच, आणि तो सगळ्याला चालतो. मोटेच्या काळातली माणसं वंगण म्हणजे वंगण समजायची, तीच समजूत पुढं चालत आलीय. त्यात ह्यांचं मत की तेल जितकं जाड तितकी त्यात ताकद.

फकीरभाई डब्यात बोट बुडवून म्हणाले, "बापूसाहेब, हे ट्रॅक्टरचं हाय."

"मग ट्रॅक्टर वढत न्हाय व्हय? पिकअपच्या दसपट वढतो."

"वढतो. पन त्यो—"

"फकीरभाई, मला शिकवू नका. वैनीला नरसाळं आना म्हनावं."

मी आत होते. स्वयंपाकातलं जुनं पत्र्याचं नरसाळं होतं, रॉकेलच्या जमान्यातलं. ते मीच नेऊन दिलं. जुनं तेल काढलं, नवं ओतलं, आणि खरं सांगायचं तर गुणगुण त्याच दिवशी थांबली. हे इतके खूश झाले की तीन दिवस ज्याला त्याला सांगत होते, "मिस्त्री लोकं उगं भेव घालत्यात." फकीरभाईंनी नरसाळं पुसून मला परत दिलं. मीही विसरून गेले.

मग मार्गशीर्ष लागला आणि थंडी पडली. यंदाची थंडी आठवतेय ना? सकाळी तापमापकाचा काटा नऊ अंशांच्या पुढं जाईना. हात पाण्यात घातला की बोटं परक्याची वाटायची.

फकीरभाईंची दहा मिनिटं वीस झाली. तरीही वडापाशी गाडी खर्रर्र म्हणायची. इतक्या वर्षांत मी तो आवाज आमच्या बांधावर कधी ऐकला नव्हता. तुळशीपाशी उभी असताना ऐकला की माझ्याच दातांना शिरशिरी यायची. वस्तीवरून वस्तीवर जाताना पहिल्यातून दुसऱ्यात जायला उशीर, दूध आठ वीसला, आठ पंचवीसला पोचायला लागलं. एक दिवस आठ अठ्ठावीसला. चिलिंगवरच्या माणसानं ह्यांना फोन केला, "बापूसाहेब, तुमच्या चाचाचं वय झालं आता."

ह्यांच्या डोक्यात किडा शिरला तो तिथं. त्याच दिवशी दुपारी ह्यांनी स्वतः गाडी काढली, इंदापूरला जाऊन आले. आल्यावर मला म्हणाले, "बघ. लोण्यावानी गेअर पडत्यात. एकदा आवाज न्हाय का काय न्हाय. मंजी गाडीत खोट न्हाय."

"मग?"

"खोट हातात हाय. एकसष्ट झाली त्यांची. जोर ऱ्हायला न्हाय."

मी म्हटलं, "अहो, दुपारी ऊन असतं. त्यांना विचारा तरी." एवढं बोलून मी आत गेले. बायकांनी गाडीतलं काय सांगायचं, असं मलाच वाटलं. आज ते लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फकीरभाईंना ओसरीवर बसवून सांगितलं. वाईट शब्द एकही वापरला नाही. "आराम करा आता. पोरगी सुखात हाय, घर हाय. वरकुट्याचा रामहरी यील सोमवारपासनं." फकीरभाईंनी सगळं ऐकलं. खिशातून चावी काढली, रुमालानं पुसली आणि माझ्या हातात दिली, ह्यांच्या नाही. म्हणाले, "वैनी, दुसरा गेअर घालताना जरा थांबायला सांगा. बाकी पोरगं हुशार हाय." आणि पायी निघून गेले. चहा तसाच राहिला.

रामहरी काही पोरगं नव्हे, चाळिशीचा गडी. कारखान्यावर ऊस वाहिलेला, दंड असे की कॅन एका हातानं उचलून ठेवायचा. स्वभावानंही बरा. पहिल्या दिवशी माझ्या पाया पडला. ह्यांनी त्याला बजावलं, "हितं धा मिनिटं ध्यान लावायचं न्हाय. बसला की निघायचं." तो म्हणाला, "व्हय मालक." आणि निघाला. वडापाशी गाडी ओरडली, पण त्यानं दंड लावून गेअरचा दांडा आत ढकलला. आठ दहाला दूध पोचलं. आमचे हे अंगणात उभे राहून माझ्याकडं बघत होते, "बघितलंस?"

बुधवारी दुपारी मी मेहबूबबीकडं गेले. फकीरभाईंची बायको. त्यांचं घर गावातून हायवेला मिळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशीच आहे. ती मेथी निवडत होती. मला बघून पाट दिला, पण नेहमीसारखी हसली नाही.

"भाऊ कुठायत?"

"मशिदीत. दुपारचं बरं असतं बाई. पहाटंचं बघवत न्हाय." मग मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "चार वाजता उठत्यात. आंघोळ, नमाज, टोपी घालून अंगणात खुर्ची टाकून बसत्यात. गाडी वस्तीवर गेली की हितं ऐकू येतं. तवा त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला जातो. मी बघितलं. क्लच दाबत्यात. मी म्हनलं, आवं खुर्चीला कुठं गेअर असतो? तर म्हनले, 'गप. दुसरा पडंना त्येचा.'"

मी विचारलं, "मेहबूबबी, ते आमच्यावर रागावलेत का?"

"राग असता तर बरं झालं असतं. भांडले असते, जेवले असते." तिनं पुन्हा मेथी ओढली. "बाई, तुमच्या घरात त्यांना कुनी हात थकला म्हनावं? ह्या हातानं चवदा वर्सं..." मीही देठ खुडत बसले. उठताना तिनं मेथीची एक जुडी माझ्या पिशवीत घातली, नको म्हटलं तरी.

दुसरा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडायला पाच फळं आणि शेवंती भिगवणहून आणायची होती, म्हणून मी गाडीत बसले. रामहरी, मधे मी, कडेला हे. पाण्याकडं धुकं इतकं की धरण कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं कळेना. धरण झाल्यावर पाण्याखाली गेलेल्या आमच्या जुन्या देवळाच्या दिशेनं मी सवयीनं हात जोडले.

तीन वस्त्या झाल्या. चौथीवरून भरलेली गाडी चढाला लागली तेव्हा साडेसात वाजले होते. रामहरीनं पहिल्यातून दुसऱ्यात टाकायला दांडा ओढला. खर्रर्र. पुन्हा ओढला. खर्रर्र. ह्यांनी म्हटलं, "दाब की!" त्यानं सगळा जोर लावला. आतून कट्ट असा आवाज आला, बारीकच, पण मला तो बसायच्या जागेखाली जाणवला. दांडा दुसऱ्यात गेला आणि लगेच उसळून बाहेर आला. मग कितीदा घातला तरी तेच. पहिल्यातून एकदम तिसऱ्यात टाकायला गेला तर गाडी गचके खाऊन बंद.

पहिल्या गेअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं, आम्ही हायवेच्या तोंडाशी आलो. पावणेआठ होऊन गेले होते. पुढं भिगवण तेरा-चौदा किलोमीटर. मागं बावीस कॅन दूध, चार वस्त्यांतल्या साठ घरांचं. रामहरीच्या कपाळाला त्या थंडीत घाम.

मी बघितलं तर फकीरभाई त्यांच्या अंगणातून चालत येत होते. टोपी, स्वेटर, गळ्यात रुमाल. धावत नाही, हळूहळूही नाही. खिडकीशी आले.

"कुठला गेला?"

"दुसरा," रामहरी म्हणाला.

"तरीच. चढावर आवाज आईकला." मग नुसते उभे राहिले. दाराला हात लावला नाही.

आमचे हे समोरच्या काचेतून बघत होते. ह्यांना मी तीस वर्षं ओळखते. ओठ हलतात पण शब्द बाहेर यायला वेळ लागतो. शेवटी म्हणाले, "फकीरभाई... नेताल का?"

"मला कशाला ईचारता बापूसाहेब? डायवर बसलाय की तुमचा."

रामहरी स्वतःच खाली उतरला. "बसा चाचा. मला न्हाय जमायचं. मी मागं कॅनवर बसतो."

फकीरभाई बसले. बिस्मिल्ला म्हणाले. पहिल्यात गाडी हायवेच्या उतारावर आणली, इंजिन चांगलं ओरडेपर्यंत पळवली, मग दांडा न्यूट्रलला घेतला आणि मान जराशी तिरकी केली, माझ्या दत्तगुरूंच्या तसबिरीपुढं मी उभी राहते तशी. इंजिनाचा आवाज खाली उतरत आला. कुठल्या तरी एका सुराला त्यांनी क्लच दाबून दांडा पुढं सारला, आणि तिसरा गेअर हूं का चूं न करता आत गेला. मधला गेअर नसलेली गाडी त्यांनी तशीच नेली. जिथं वेग कमी होईल असं वाटलं तिथं आधीच अंदाज घेऊन, अवजड ट्रकच्या मागं न अडकता. एकदाच हे म्हणाले, "जोर लावावा लागत न्हाय तुमाला?"

"जोर लावला की मोडतं बापूसाहेब."

आठ तेवीसला कॅन उतरायला लागले.

तिथून सावकाश म्हस्कू मिस्त्रीच्या गॅरेजला. म्हस्कू म्हणजे जाडजूड, गमत्या माणूस. गाडीखाली सरकला, बोल्ट काढला आणि खालूनच ओरडला, "बापूसाहेब, गुऱ्हाळ टाकलंय का काय? ही तर काकवी!"

आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं. परातीत तेल पडत होतं ते धारेनं नाही, लोंबत होतं. काळं, चिकट, तुटता तुटत नव्हतं.

म्हस्कू बाहेर आला, दोन बोटांत तेल चोळून नाकाशी नेलं. "हे ट्रॅक्टरचं हाय. गाडी आत्ता तेरा-चवदा किलोमीटर पळून आली, तापल्याली हाय, तरी असं. मग पहाटं गारठ्यात काय होत असंल? दगूड!" मग परातीत बोट फिरवून पिवळे चकाकणारे कण दाखवले. "आन ही बघा पितळ. आत एक पितळी रिंग असती. गेअर पडायच्या आधी ती दोन्ही चाकांचा वेग जुळवून देती. तेल जाड झालं की रिंग घसरती, धरत न्हाय. मग दात दातावर आपटत्यात. दुपारी तेल पातळ झालं की समदं झ्याक. म्हनून खोट सापडत न्हाय कुनाला." तो फकीरभाईंकडं वळला. "चाचा, तुमच्यासारखा जुना मानूस, आन हे तेल? पोरासोरानं केलं असतं तर समजलो असतो."

फकीरभाई रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघत म्हणाले, "काढा ते मिस्त्री. धुऊन घ्या आतनं. नवं घाला."

"पन घातलं कुनी?"

"थंडीचं दिवस हाईत. कामाला लागा."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे आपल्या बोटातली अंगठी फिरवत होते. रामहरी बघत होता, म्हस्कूचे दोन कामगार बघत होते. गावात संध्याकाळपर्यंत गोष्ट जाणार आणि ती फकीरभाईंच्या नावावर जाणार, हे मला स्पष्ट दिसलं. उपवासाचं पोट, हातात शेवंतीची पिशवी. नवऱ्याचं नाव चारचौघांत कसं काढू? आणि नाही काढलं तर संध्याकाळी घटापुढं बसून कहाणी कुठल्या तोंडानं वाचू?

मी म्हटलं, "मिस्त्री, नरसाळं माझं होतं. मीच दिलं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. म्हस्कू हसला, "वैनीसाहेब, नरसाळ्याचा काय गुन्हा त्यात?"

मग हे पुढं आले आणि परातीकडं बघत म्हणाले, "गुन्हा नरसाळ्याचा न्हाय. तेल मी वतलं. फकीरभाईनी सांगितलं व्हतं मला, हे ट्रॅक्टरचं हाय म्हनून. मी म्हनलं, मला शिकवू नका." थांबले. "आन वरनं त्यास्नीच घरी बसवलं."

म्हस्कूनं पाना उचलला आणि मुकाट्यानं गाडीखाली गेला. तेवढी समज त्याला होती.

पलीकडच्या हॉटेलच्या बाकावर आम्ही चहाला बसलो. मी उपवासाची, नुसती बसले. मला राहवलं नाही. "भाऊ, इतके दिवस गप्प का राहिलात? थंडी पडल्यावर एकदा म्हणायचं होतं, की तेलामुळं होतंय."

फकीरभाई बशीत चहा ओतत म्हणाले, "एकदा सांगितलं व्हतं वैनी. गाडी आडायला लागल्यावर पुन्ना सांगितलं असतं तर बापूसाहेबांना काय वाटलं असतं? म्हातारा आपल्या हाताची चूक तेलावर ढकलतोय. मानसाला एकदा संशय आला की त्यो खरं बोलला तरी कारन सांगितल्यावानी वाटतं."

हे मान खाली घालून म्हणाले, "उद्यापासनं या."

"आन रामहरी?"

रामहरी दचकला. बिस्किट चहात पडलं.

"त्यो चार दिवस झालं आलाय," फकीरभाई म्हणाले. "कारखान्यावरचं काम सोडून. त्येला काय सांगनार, जा म्हनून? मला सांगितलं तसं?"

मला वाटलं आता फकीरभाई नाही म्हणणार, आणि त्यांचं बरोबरच होतं. पण त्यांनी बशी खाली ठेवली, डाव्या गुडघ्यावर हात फिरवला.

"एक खरं सांगतो, आता झाकून ठिवायचं न्हाय तर सगळंच. हात माझा ठीक हाय. हा गुडगा न्हाय. संध्याकाळच्या फेरीला क्लच दाबताना कळ निगती. मी मेहबूबबीलाबी बोललो न्हाय. तवा बापूसाहेब, तुमी म्हनला त्ये अर्धं बरोबर व्हतं. संध्याकाळचं दूध रामहरीला द्या. दिवसभराच्या उन्हानं तेल पातळ असतं, त्येच्या दंडाला चालंल." रामहरी हसला. "सकाळचं मी आनतो. जवर जमतंय तवर. न्हाय जमलं तर मीच सांगन, तुमी सांगायचं न्हाय."

"बरं," हे म्हणाले.

"आन गाडी चालू केल्यावर पहिली धा मिनिटं माझी. त्येच्यात कुनी ओसरीवरनं वरडायचं न्हाय. तेल नवं घातलं तरी थंडी तीच हाय."

"बरं म्हनलं की."

"वैनींच्या म्होरं म्हना."

ह्यांनी माझ्यासमोर पुन्हा म्हटलं. चहा न्यायला आलेल्या म्हस्कूच्या एका कामगाराला खोकल्याची उबळ आली.

पितळी रिंग बारामतीहून यायला दोन दिवस लागले. तोवर दूध शेजारच्या गावाच्या गाडीतून गेलं. त्या गुरुवारी संध्याकाळी मी घटापुढं बसून कहाणी वाचली, आणि मेहबूबबीकडं प्रसादाची केळी पाठवली. तिनं वाटी रिकामी परत पाठवली नाही, मेथीची भाजी करून पाठवली. सोबत निरोप, पहाटेची खुर्ची आत घेतलीय.

गुडघ्यासाठी मी त्यांना बारामतीच्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलंय. ते टाळतायत. म्हणतात उन्हाळ्यात बघू. मेहबूबबी आणि मी मिळून बघू कसे टाळतात ते.

आज सकाळी तापमापकाचा काटा साडेआठ अंशांवर होता. सहाला फकीरभाई आले, चावी फिरवली, क्लच सोडून बसले. ह्यांची सवय काही गेली नाही. अंघोळ करून ओसरीवर आले, घड्याळ बघितलं, तोंड उघडलं. मग माझ्याकडं बघून ते तसंच मिटलं आणि आत येऊन मला म्हणाले, "अजून सात मिनिटं हाईत त्यांची. अर्धा कप चहा नेऊन दे. गार पडला असंल पयला."